दर पावसात घराबाहेरच्या गटारातून घाण पाणी ओढ्यात जातं? बिघाड असा शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "एरवी काही नसतं, पाऊस आला की गटारातून गढूळ, फेसाळ पाणी वाहतं आणि पुढे ओढ्यात जातं." मग कुणीतरी जाळी उचलून गाळ काढतं, वरून जंतुनाशक ओततं, चार दिवस बरं वाटतं आणि पुढच्या पावसात पहिले पाढे पंचावन्न. अशा तक्रारींसाठी मी अनेक घरांत गेलो आहे. गटाराचं बांधकाम क्वचितच नादुरुस्त निघतं. दोष सापडतो अंगणात, गाडीखाली, बागेत, छपराच्या पाण्यात किंवा चुकीच्या जागी जोडलेल्या एखाद्या पाइपात. आणि ते ओतलेलं जंतुनाशकही शेवटी त्याच ओढ्यात जाऊन पडतं.

हे पाणी जातं कुठे

घरातून पाणी बाहेर पडायच्या साधारण दोन वाटा असतात. संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचं पाणी मैलावाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे किंवा घराच्या सेप्टिक टँकमध्ये जातं. छप्पर, अंगण, गाडी लावायची जागा आणि रस्ता यांवरचं पाणी पावसाळी गटारातून जातं आणि ते बहुतेक ठिकाणी थेट ओढ्यात, नदीत, तळ्यात किंवा समुद्रात पोचतं. मध्ये शुद्धीकरण होत नाही. जाळी फांद्या आणि पिशव्या अडवते. तेल, साबण, खत आणि जंतू तिच्यातून आरपार जातात. कित्येक लोक बादलीतलं पाणी गटारात ओततात तेव्हा ते पुढे कुठेतरी साफ होईल असं त्यांना मनापासून वाटत असतं. म्हणून मी प्रत्येक घरात आधी ही वाट दाखवतो.

जुन्या शहरांच्या काही भागांत दोन्ही पाणी एकाच मोठ्या नळातून वाहतं. कोरड्या दिवसांत ते सगळं केंद्रात जातं, पण जोराच्या पावसात नळाची क्षमता संपते आणि मैलामिश्रित पाणी नदीत सुटतं. अशा भागात राहत असाल तर घरातून गटारात जाणारं पावसाचं पाणी कमी करणं हाच तुमच्या हातातला सर्वांत मोठा उपाय आहे. त्यासाठी खालचा छपराचा भाग नीट वाचा.

किती पाण्याबद्दल बोलतोय तेही लक्षात असू द्या. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर २,००० लिटर, तेही फक्त छपराचं. एवढं पाणी अंगणातून धावताना वाटेत जे जे सापडेल ते घेऊन जातं.

लक्षणं: घाण केव्हा दिसते ते आधी बघा

काहीही करण्याआधी एक-दोन पाऊस फक्त निरीक्षण करा. पाण्याचा रंग आणि वास उपयोगी पडतोच, पण घाण कोणत्या वेळी दिसते यावरून कारण जास्त लवकर सापडतं.

- *तीन दिवस कोरडे गेले तरी पावसाळी गटार वाहतंय.* पाणी स्वच्छ आणि थंड असेल तर झरा किंवा फुटलेली नळाची लाइन. करडं, कोमट, साबणाच्या वासाचं आणि सकाळ-संध्याकाळी जास्त येत असेल तर घरातलं सांडपाणी चुकीच्या पाइपात सोडलेलं आहे. गटाराच्या तोंडाशी दगडांवर करड्या कापसासारखी बुळबुळीत वाढ दिसली तर शंका जवळपास पक्की. ही वाढ जीवाणूंची असते आणि सेंद्रिय घाण सतत मिळत असली तरच ती टिकते.
- *पहिल्या सरीत काळं, तेलकट पाणी, मग निवळतं.* कोरड्या दिवसांत फरशीवर साठलेलं सगळं एकदम धुऊन निघतंय. तेल, धूळ, टायरचा कीस, पाचोळा, जनावरांची विष्ठा.
- *पाऊस थांबेपर्यंत गढूळच.* उघडी माती वाहतेय.
- *पावसानंतर काही दिवसांनी साचलेलं पाणी हिरवं पडतं.* खत, पाचोळा, विष्ठा. नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाला की शेवाळ फोफावतं. ते मेलं की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे गुदमरतात.
- *एखाद्याच दिवशी दुधासारखं पांढरं किंवा रंगीत पाणी.* रंगाचे ब्रश किंवा सिमेंटची घमेली कुणीतरी धुतली.

दोन फसव्या खुणा आहेत. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की सगळे तेलाचं नाव घेतात. काडीनं तो हलवून बघा. तवंग फुटून त्याचे कोनदार तुकडे झाले आणि ते तसेच वेगळे राहिले तर बहुधा लोहाच्या जीवाणूंचा नैसर्गिक थर आहे, त्याची काळजी नको. काडी काढताच तो पुन्हा जुळून आला तर पेट्रोल, डिझेल किंवा ऑइल समजा. फेसाचंही तसंच. मळकट, तपकिरी, मातीचा वास असलेला आणि खळाळत्या पाण्याच्या कडेला साठणारा फेस कुजलेल्या पानांमुळेही होतो. पांढराशुभ्र, सुगंधी फेस मात्र साबणाचाच.

पाऊस नसताना पाणी वाहत असेल तर मधल्या पायऱ्या सोडून थेट सातव्या तपासणीकडे जा. बाकीच्यांनी पहिलीपासून सुरुवात करा. पहिल्या काही तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही.

१. झाडू आणि पाण्याची नळी

अंगण, ओटा, गाडीची जागा नळीनं धुता का? धूत असाल तर आजच थांबवा. नळीचा मारा म्हणजे पाऊस नसताना पाडलेला पाऊस, आणि त्यात सगळी घाण एकवटून गटारात जाते. झाडून काढा, सुपलीत भरा, कचऱ्यात टाका. फारच चिकट झालं आणि धुणं भाग पडलं तर आधी झाडा, मग कमी पाण्यात धुवा आणि ते पाणी मातीकडे किंवा हिरवळीकडे वळवा.

पाचोळ्याकडे लोक नैसर्गिक म्हणून दुर्लक्ष करतात. झाडाखाली मातीवर तो पडला तर चांगलंच आहे. पण फरशीवर आणि रस्त्याच्या कडेला पडलेली पानं पावसात चहासारखी उकळतात म्हणा ना: त्यांच्यातला फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि ते पाणी सरळ गटारात जातं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात याची मोजणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पानगळीच्या दिवसांत रस्त्यांवरची पानं पावसाआधी वेळेवर उचलल्यावर पाण्यातला फॉस्फरस ८४ टक्क्यांनी आणि नायट्रोजन ७४ टक्क्यांनी कमी झाला. झाडूच्या कामाला एवढं मोठं फळ मिळतं म्हणूनच ही तपासणी मी पहिली ठेवतो. पानं उचला, कंपोस्टच्या खड्ड्यात घाला किंवा झाडांच्या बुडाशी पसरा. पाऊस येण्याआधी उचललीत तरच उपयोग. भिजून गेलेल्या पानांतलं बरंचसं आधीच वाहून गेलेलं असतं.

गवत कापल्यावर फरशीवर उडालेले तुकडेही परत हिरवळीवर लोटा.

२. पाळीव प्राण्यांची विष्ठा

पाळीव कुत्रा असेल तर त्याची विष्ठा रोज उचला, आपल्या अंगणातलीसुद्धा. ती खत म्हणून चालेल असं समजून बरेच लोक तशीच ठेवतात. तिच्यात आतड्यातले जीवाणू आणि जंतांची अंडी असतात आणि पोषकद्रव्यंही भरपूर. पिशवीत बांधून ती कचऱ्यात टाका. पिशवीसकट गटारात टाकणारेही आहेत. त्यानं घाण जाते तर जातेच, वर प्लास्टिकनं तोंड तुंबतं.

३. गाडी

गाडी नेहमी उभी असते तिथे रात्रभर खाली एक पुठ्ठा पसरा. सकाळी डाग वाचा. तपकिरी-काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल. लालसर असेल तर गिअर किंवा स्टिअरिंगचं ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी आणि हाताला निसरडा असेल तर कूलंट. हे विषारी असतं आणि गोडसर असल्यामुळे प्राणी ते चाटतात, तेव्हा ते लगेच पुसा. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं आहे, सोडून द्या. पुठ्ठ्याची ही तपासणी इतकी सोपी आहे की कुणी करत नाही, आणि फरशीवर मात्र वर्षानुवर्षं डाग वाढत राहतो.

सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा, कोरडी वाळू किंवा बारीक माती टाका, पायानं दाबा, रात्रभर ठेवा, मग झाडून पिशवीत भरा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. साबण आणि पाणी वापरून डाग घालवू नका. साबणानं ऑइल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्याबरोबर आणखी लांब जातात. गाडीतून काढलेलं जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे परत द्या. त्याचा पुनर्वापर होतो.

गाडी धुण्याची जागा बदलणं हा पुढचा उपाय. फरशीवर धुतलेल्या गाडीचा साबण, ब्रेकची धूळ आणि ग्रीस गटारात जातं. हिरवळीवर किंवा खडीवर धुतली तर माती त्यातला बराचसा भाग धरून ठेवते. बादली आणि फडकं वापरा, नळीला बंद होणारं तोंड लावा, बादलीतलं उरलेलं मळकट पाणी घरातल्या मोरीत ओता. बाटलीवर विघटनशील असं लिहिलेला साबण गटारात चालतो हा समज सोडा. त्याचं विघटन व्हायला वेळ लागतो, आणि तोवर तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतोच.

टायरच्या किसाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हे फार लोकांना ठाऊक नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर प्युजेट साउंड परिसरात शहरी ओढ्यांत अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे पावसानंतर काही तासांतच मरत. रसायन कोणतं ते वर्षानुवर्षं सापडत नव्हतं. २०२० साली संशोधकांनी ते ओळखलं. टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची प्रक्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन बनतं, आणि ते या माशांना अगदी अल्प प्रमाणातही मारतं. घरमालकाला टायरमधलं रसायन बदलता येत नाही. पण त्याच भागातल्या प्रयोगांत असं दिसलं की रस्त्यावरचं हेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं तर मासे जगतात. म्हणून गाडीच्या जागेवरचं पाणी गटाराऐवजी मातीत वळवणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं. टायरमध्ये हवा योग्य ठेवा, म्हणजे झीजही कमी होते.

४. बाग: खत आणि कीटकनाशक

पाणी हिरवं पडत असेल तर खताची पिशवी आणि हवामानाचा अंदाज एकत्र बघा. पावसाच्या आदल्या दिवशी टाकलेलं रासायनिक खत झाडाला कमी आणि ओढ्याला जास्त मिळतं. आधी माती परीक्षण करून घ्या. बऱ्याच बागांत फॉस्फरस आधीच पुरेसा असतो आणि वर्षानुवर्षं सवयीनं आणखी घातला जातो. हळूहळू विरघळणारं खत निवडा आणि फरशीवर उडालेले दाणे झाडून परत वाफ्यात टाका. एवढ्याशा दाण्यांनी काय होणार, असं वाटतं खरं, पण वाफ्यातल्या दाण्याला निदान मुळं आहेत. फरशीवरच्या दाण्याला गटारापर्यंत अडवणारं काहीच नाही.

मुंग्या आणि झुरळांसाठी भिंतीच्या कडेनं, पायऱ्यांवर फवारलेली औषधं मला जास्त खटकतात. त्यातली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं पाण्यातल्या किड्यांना आणि बारीक कवचधारी जीवांना अत्यल्प प्रमाणात मारतात, आणि माशांचं खाद्य म्हणजे हेच जीव. कोरड्या फरशीवर फवारणी करूच नका. भेगा बुजवा, आमिषाच्या डब्या वापरा, आणि फवारायचंच तर फक्त त्या भेगेत, पाऊस नसताना.

५. रंगकाम, सिमेंट, तरणतलाव

पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे ब्रश घरातल्या सिंकमध्ये धुवा. ते पाणी मैलावाहिनीत जातं. घराला सेप्टिक टँक असेल तर आधी ब्रश कागदावर पुसून जमेल तितका रंग काढा. ऑइल पेंटचं थिनर कुठेच ओतू नका: बरणीत ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचं थिनर पुन्हा वापरता येतं.

सिमेंट कालवलेल्या घमेल्यांचं पाणी साधं दिसतं, पण ते अत्यंत अल्कधर्मी असतं, सामू १२ च्या आसपास. छोट्या ओढ्यात मासे मारायला ते पुरेसं आहे. घरी कुठलंही बांधकाम निघालं की पहिल्याच दिवशी गवंड्याला धुण्याची जागा नेमून द्या: गटारापासून लांब, मातीत एक उथळ खड्डा, त्यावर जाड प्लास्टिक. पाणी वाळलं की घट्ट झालेला थर राडारोड्यात टाकता येतो. हे काम सुरू झाल्यावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

तरणतलाव रिकामा करायचा असेल तर क्लोरीन घालणं काही दिवस आधी थांबवा, चाचणीपट्टीवर क्लोरीन शून्यावर आलेलं बघा आणि मगच पाणी हळूहळू मातीवर सोडा. मिठाच्या पाण्याचा तलाव असेल तर मातीवरही नाही. तुमच्या स्थानिक संस्थेला विचारा.

गाडीरस्त्यावर काळा सीलकोट, म्हणजे पृष्ठभाग जपणारा लेप, लावून घेणार असाल तर तो कोळशाच्या डांबराचा नाही ना ते विचारा. त्यात कर्करोगकारक संयुगं भरपूर असतात आणि झिजलेली पूड पावसात वाहते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं २००६ मध्ये त्यावर बंदी घातली.

६. उघडी माती

पाऊस असेपर्यंत पाणी गढूळ राहत असेल तर पारदर्शक बाटलीत ते भरा आणि हलवू न देता ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. तासाभरात पाणी बरंचसं निवळलं तर माती जाडसर आहे. उताराच्या तळाशी दगडांचा किंवा पेंढ्याच्या गुंडाळ्यांचा अडसर घालून ती थोपवता येईल. दुसऱ्या दिवशीही पाणी चहाच्या रंगाचंच राहिलं तर ती चिकणमाती आहे. तिचे कण कुठल्याही जाळीत, कापडात अडकत नाहीत. अशा वेळी गटाराच्या तोंडाशी कापड बांधण्यात वेळ घालवू नका. माती निघते तिथेच ती झाकावी लागते.

झाकायचं म्हणजे पालापाचोळ्याचं किंवा पेंढ्याचं ७-८ सेंटिमीटरचं आच्छादन, उतारावर गवत, झाडांच्या खाली सावलीत वाढणारी जमिनीलगतची झुडपं. वाळू-मातीचा ढीग असेल तर ताडपत्री, आणि तिच्या कडा दगडांनी दाबलेल्या. पाणी कुठून उतरतं तेही बघा. पुष्कळदा छपराच्या पाइपाचं तोंड थेट उघड्या मातीवर सुटलेलं असतं आणि तिथेच घळ पडलेली असते. तोंडाखाली सपाट दगड ठेवला तरी निम्मं काम होतं.

मातीला एवढं महत्त्व का? गढूळपणानं सूर्यप्रकाश अडतो, माशांचे कल्ले घासतात, गाळाखाली अंडी दबतात. शिवाय फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतो, त्यामुळे खत न घालणाऱ्याच्या बागेतूनही तो ओढ्यात पोचतो.

७. चुकीची जोडणी: रंगाची चाचणी

मला सर्वांत जास्त वेळा सापडणारा खरा बिघाड हाच. घर बांधताना पाइप बरोबर जोडलेले असतात. मग नंतर कधीतरी वॉशिंग मशिन बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये येतं, मागच्या अंगणात भांडी धुवायला सिंक बसतं, वरच्या मजल्यावर न्हाणीघर वाढतं. जवळ जो पाइप दिसतो तो पावसाचा असतो आणि त्यातच जोडणी होते. पाणी जातंय, तुंबत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. त्या दिवसापासून रोजचा साबण थेट ओढ्यात.

आधी घराभोवती एक फेरी मारा आणि छपरावरून येणाऱ्या प्रत्येक पाइपाला मधूनच कुठे बारीक पाइप जोडलाय का ते बघा. निम्म्या वेळा इथेच उत्तर मिळतं. नाही मिळालं तर रंग वापरा. प्लंबरकडे पाण्याचा माग काढण्यासाठी मिळणारा बिनविषारी रंग सर्वांत बरा. खाण्याचा रंगही चालतो, पण तो लवकर फिका पडतो. दिवस कोरडा निवडा. एक जण घरात, दुसरा पावसाळी चेंबरपाशी. एका वेळी एकच जागा: मशिनच्या पाइपात रंग ओता, मागून दोन-तीन बादल्या पाणी सोडा आणि वाट बघा. लांबच्या पाइपाला वेळ लागतो, घाईनं पुढच्या जागेकडे गेलात तर रंग नेमका कुठला ते कळणार नाही. चेंबरात रंग दिसला की जोडणी चुकीची. गटाराचं तोंड सार्वजनिक ओढ्यात असेल तर चाचणीआधी स्थानिक संस्थेला कळवा, नाहीतर रंगीत पाणी बघून लोक घाबरतील.

चाचणी तुम्ही करू शकता. जोडणी बदलणं परवानाधारक प्लंबरचं काम आहे. मैलावाहिनीला चुकीच्या उतारानं किंवा पाणी साठवून वायू अडवणाऱ्या वाकणाशिवाय जोडणी केली तर तिच्यातला वायू घरात येतो.

८. छपराचं पाणी मातीत जिरवणं

छपराचे पाइप थेट गटारात सुटत असतील तर ते तोडून बागेकडे वळवणं हा सगळ्यांत टिकाऊ उपाय, पण मेहनतीचाही. पिंप ठेवून भागेल असं अनेकांना वाटतं. हिशेब करा: १०० चौरस मीटरच्या छपराखाली २०० लिटरचं पिंप २ मिलिमीटर पावसात भरतं. पिंप उपयोगी आहे, पण भरल्यावर उतू जाणाऱ्या पाण्याची वाट मातीकडे हवीच. त्याच्या तोंडावर बारीक जाळी बसवा, नाहीतर डास.

खरं काम करतो तो पाऊसबागेचा खड्डा, म्हणजे पावसाचं पाणी जिरवण्यासाठी झाडं लावलेला उथळ खड्डा. ही पद्धत १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आकाराला आली. घराच्या पायापासून किमान ३ मीटर लांब, सेप्टिक टँकच्या जिरवणीच्या जागेवर (टाकीतून निघालेलं पाणी जिथे मातीत जिरतं तिथे) नाही, मोठ्या झाडाच्या मुळांत नाही. जागा ठरवण्याआधी पाणी जिरतं का ते तपासा: साधारण ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरा आणि पातळी किती उतरते ते पट्टीनं मोजा. पहिल्यांदा कोरडी माती हावरटासारखी पाणी ओढते, म्हणून दुसरी मोजणीच खरी. तासाला अडीच सेंटिमीटरच्या आसपास उतरलं तर जागा उत्तम. पूर्ण दिवस उलटूनही पाणी उभंच असेल तर तिथे पाऊसबाग करू नका, कितीही सोयीची जागा असली तरी.

छपराच्या क्षेत्रफळाच्या १० ते २० टक्के एवढी जागा आणि १५ ते २० सेंटिमीटर खोली बहुतेक घरांना पुरते. तळ सपाट ठेवा, मुळं खोल जाणारी स्थानिक झाडं लावा, जास्तीचं पाणी बाहेर जायला एका बाजूला दगडी सांडवा ठेवा आणि तो शेजाऱ्याच्या भिंतीकडे नाही याची खात्री करा. पावसानंतर २४ ते ४८ तासांत खड्डा कोरडा झाला पाहिजे. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एवढ्या वेळात पाणी जिरलं तर डासांची भीती नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

चेंबरचं झाकण उचलून आत डोकावणं ठीक, आत उतरणं कधीच नाही. हायड्रोजन सल्फाइड साठलेल्या जागेत माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. ज्या वायूचा सुरुवातीला वास येतो, तोच वाढल्यावर नाकाला जाणवेनासा होतो. तेव्हा वास नाही म्हणून सुरक्षित, हा हिशेब मुळीच करू नका.

पावसाळी गटारात मैला, संडासचा कागद दिसला तर तुमची तपासणी तिथेच संपली. लाइन फुटली आहे किंवा चुकीची जोडली आहे. प्लंबर आणि स्थानिक संस्था दोघांनाही कळवा. सेप्टिक टँकच्या जिरवणीच्या जागेवर जमीन ओली, गवत अवाजवी हिरवं आणि वास येत असेल तर टाकी उपसणाऱ्याला बोलवा. टाकी साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसावी लागते, आणि ती राहून गेलेली असेल तर बागेत केलेला कुठलाही उपाय पुरा पडणार नाही.

जमिनीखालच्या इंधन टाकीच्या आसपास तेलाचा वास, अनोळखी रसायनाचा डबा सांडलेला, जुन्या रंगाचे पापुद्रे ज्यात शिसं असू शकतं, ॲस्बेस्टॉसचं छप्पर: यातलं काहीही धुऊ, घासू किंवा झाडू नका. पाया किंवा आधारभिंतीजवळ पाणी वळवायचं असेल, किंवा उतार इतका तीव्र असेल की माती सरकतेय, तर आधी स्थापत्य अभियंत्याचं मत घ्या. ओल्या उतारावर आणखी पाणी जिरवलं तर भिंत ढासळू शकते.

सांडलेलं काही गटाराकडे चाललंच असेल तर पहिली गोष्ट म्हणजे त्याची वाट अडवणं: मातीचा बांध, वाळूच्या पिशव्या, गालिच्याचा तुकडा, हाताशी येईल ते. मग फोन. आधी फोन करून वाट बघत बसलात तर तोवर ते ओढ्यात गेलेलं असतं.

दुरुस्ती झाली का ते कसं ओळखाल

बदल करण्याआधीच्या पहिल्या सरीचं पाणी बाटलीत भरून तारीख लिहून ठेवा. बदलानंतर, तितक्याच कोरड्या दिवसांनी आलेल्या पावसाचं पाणी त्याच जागी, सर सुरू झाल्यावर तितक्याच वेळानं भरा. दोन्ही तासभर स्थिर ठेवून तळाचा गाळ, वरचा तवंग आणि वास शेजारी शेजारी बघा. एका वेळी एकच बदल केला असेल तर कशाचा उपयोग झाला ते कळेल. सगळं एकदम केलंत तर पाणी सुधारेल, पण पुढे पुन्हा बिघडलं तर कुठून सुरुवात करायची ते कळणार नाही. घरात नवीन मशिन, नवीन सिंक किंवा नवीन न्हाणीघर आलं की रंगाची चाचणी मात्र पुन्हा करा, प्लंबर कितीही भरवशाचा असला तरी.